सापडलेल्या जॅझ टेप ऐकताना या चुका टाळा

1961च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबात रिच ऑल्डरसन या ध्वनितंत्रज्ञाने नवी साउंड सिस्टिम तपासायला एकच रिबन माइक (धातूच्या पातळ पट्टीने आवाज टिपणारा) लावला आणि जॉन कोल्ट्रेन व एरिक डॉल्फी या जॅझ वादकांचं वादन टेपवर घेतलं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात सापडलेल्या त्या टेप 2023मध्ये ‘इव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट’ या नावाने बाहेर आल्या. ऐकणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते: ड्रम कानावर आदळतात, पियानो कुठेतरी मागे राहतो. तक्रार खरी आहे, पण त्यावरचे बहुतेक उपाय चुकीचे असतात.

बास वाढवणे. ध्वनिमुद्रण दबलेलं वाटलं की हात आधी बासच्या बटणाकडे जातो. 60-80 हर्ट्झ वाढवले की डबल बास या मोठ्या तंतुवाद्याऐवजी खोलीची घुमच जास्त वाढते. त्याच्या तारेवरचं बोट ऐकायचं असेल तर 700 ते 1000 हर्ट्झच्या पट्ट्यात 2 डेसिबल वाढवून पाहा. झांजा टोचत असतील तर 6 ते 8 किलोहर्ट्झमध्ये 2-3 डेसिबल कमी करा. याहून जास्त छेडछाड केली तर सॅक्सोफोनमधला श्वास निघून जातो. स्पीकर कोपऱ्यात असेल तर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

स्टिरिओचा भास आणणे. एका माइकवर घेतलेलं हे मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरवर एकच आवाज देणारं, ध्वनिमुद्रण आहे. फोनमधलं सराउंड किंवा स्पेशियल बंद करा. दोन स्पीकरवर आवाज बरोबर मधून यायला हवा. तो पसरट, पोकळ आणि बासविना येत असेल तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस तारा उलट जोडलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. एकट्या स्पीकरवर ऐकलं तरी काही बिघडत नाही.

सम शोधत बसणे. आपल्याकडच्या रसिकांची ही खास अडचण आहे, आणि सोडवण्यासारखी आहे. याच टेपवरच्या ‘इम्प्रेशन्स’ या रचनेचं एक आवर्तन 32 बारांचं, प्रत्येक बार चार मात्रांचा. पहिले 16 बार पांढरी दोनला सा धरा. सूर काफी थाटाचेच मिळतील. पुढचे 8 बार सा अर्धा स्वर चढून काळी दोनवर जातो, थाट तोच. शेवटचे 8 बार पुन्हा पांढरी दोन. हार्मोनियमवर हे दोन सा आलटून पालटून दाबत ऐका. रचना सुमारे दहा मिनिटांचीच आहे, तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात ती चढण आपोआप जाणवू लागते. समेवर येऊन थांबण्याची वाट मात्र पाहू नका. कोल्ट्रेनचं वाक्य आवर्तनाची सीमा ओलांडून सरळ पुढे जातं आणि एल्विन जोन्सचे ड्रम त्याला तिथे अडवत नाहीत, उलट ढकलतात. माइकने ड्रम इतके जवळून पकडलेत, ते अशा वेळी वरदान वाटतं! एकदा फक्त झांजेच्या मागे जाऊन ऐका.

वादक न ओळखता ऐकणे. कोल्ट्रेन टेनर आणि सोप्रानो सॅक्सोफोन वाजवतो. ‘व्हेन लाइट्स आर लो’मध्ये डॉल्फीच्या हाती बास क्लॅरिनेट आहे: खाली लाकडी, घोगरा, आणि एका उडीत वरच्या सप्तकात किंचाळणारा. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’मध्ये तोच फ्लूट वाजवतो. ही ओळख पटली नाही तर सगळं एकच गोंगाट वाटतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘डाउनबीट’ मासिकातल्या समीक्षकाने यांच्या वादनाला ‘अँटी-जॅझ’ म्हटलं होतं, तेव्हा गोंधळलेले आपणच पहिले नाही.

स्टुडिओची आवृत्ती डोक्यात ठेवणे. ‘आफ्रिका’ स्टुडिओत मोठ्या ब्रास ताफ्यासह झालं. इथे तो ताफा नाही, आणि 22 मिनिटांच्या वादनात रेजी वर्कमन आणि आर्ट डेव्हिस यांचे दोन डबल बास एकमेकांशी बोलतात. हा तुकडा हेडफोनवरच ऐका, फोनच्या स्पीकरवर तो जवळजवळ नाहीसाच होतो. कोल्ट्रेनच्याच ‘अ लव्ह सुप्रीम’चंही तसंच. स्टुडिओत ते साधारण 33 मिनिटांचं. 2 ऑक्टोबर 1965 रोजी सिअ‍ॅटलच्या पेंटहाउस क्लबात झालेलं आणि 2021मध्ये प्रकाशित झालेलं वादन साधारण 75 मिनिटांचं. फॅरो सँडर्स आणि कार्लोस वॉर्ड यांचे सॅक्सोफोन जादा, डबल बासही दोन. सुरुवात इथून करू नका. आधी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधलं पियानोवादक थेलोनियस मंक आणि कोल्ट्रेनचं 1957चं ध्वनिमुद्रण घ्या. व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओची ती टेप 2005मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, आणि आवाज स्वच्छ आहे. मग व्हिलेज गेट, मग सिअ‍ॅटल.

ॲपमध्ये शफल आणि क्रॉसफेड (एक रचना दुसरीत मिसळणारी सोय) बंद ठेवा, आवाज समान करण्याची सोय असेल तर ती ‘अल्बम’वर ठेवा. अनधिकृत प्रत हाती आली तर ‘इम्प्रेशन्स’चा सा ट्यूनरवर तपासा. पांढरी दोनऐवजी तो काळी दोनवर लागला, तर टेप सुमारे सहा टक्के जास्त वेगाने धावते आहे.