टाचेला फोड येतात? लायनर मोजे घेताना या चुका टाळा

तोरण्याची बुधला माची उतरून राजगडाच्या संजीवनी माचीकडे निघालं की वाटेत कुठेतरी एक जण दगडावर बसून बूट काढतोच. टाच लालबुंद, करंगळीला फोड आणि तक्रार ठरलेली: "बूट चावला." बुटाला शिव्या घालण्याआधी त्याचे मोजे बघावेत. बहुतेक वेळा आत एकच जाड सुती मोजा निघतो, पिळला तर पाणी गळेल असा.

चालताना पायातलं हाड पुढे-मागे सरकतं, पण घामाने ओली झालेली कातडी मोज्याला चिकटून जागच्या जागी राहते. या ओढाताणीत कातडीचे थर आतल्या आत सुटतात आणि मधे पाणी भरतं. लायनर म्हणजे जाड मोज्याच्या आत घालायचा पातळ मोजा. तो कातडीला धरून राहतो आणि घासाघीस होते ती दोन मोज्यांमध्ये. त्याचं काम एवढंच.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते सुतात. ऑफिसचे मोजे पातळ असतात, मग तेच लायनर म्हणून का नाही? (मीही एक पावसाळा असाच काढला.) सूत घाम पितं आणि धरून बसतं. पाकिटावर 'कॉटन रिच' असं कौतुकाने छापलेलं असेल तर ते परत ठेवा. पॉलिस्टर, नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन किंवा पातळ मेरिनो लोकर बघा.

दुसरी चूक मापाची. वाढत्या अंगाचे कपडे घ्यायची आपली सवय मोज्यांना लावू नका. ढिल्या लायनरला चुणी पडते आणि ती चुणीच फोड आणते. तो पायावर ताणून बसला पाहिजे. बोटांपाशी आतून हात फिरवून शिवण तपासा. जाड लागली तर लायनर उलटा घालायलाही हरकत नाही.

मोजे घेताना बूट घरी ठेवून जाणं हाही घोळच. आधीच घट्ट असलेल्या बुटात आणखी एक थर कोंबलात तर दाब वाढून फोड लवकर येतील. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना दोन्ही मोजे घालून बूट चढवा आणि जिना उतरून बघा. बोटं पुढे आपटत असतील तर लायनरचा नाद सोडा आणि एकच चांगला सिंथेटिक किंवा लोकरी मोजा वापरा. बोटाला बोट घासून फोड येत असतील तर साधा लायनर काहीच करत नाही; तिथे पाच बोटांचे पातळ मोजे लागतात.

पावसाळ्यात मात्र भलत्या अपेक्षा ठेवू नका. ओढ्यात घोट्याच्या वर पाणी आलं की वॉटरप्रूफ बूटही आतून भरतो आणि मग ते पाणी बाहेर पडत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत मोज्यांची एक कोरडी जोडी सॅकमध्ये असू द्या. जेवणाच्या थांब्याला बूट काढा, पाय पुसून थोडा वेळ उघडे ठेवा, मग मोजे बदला.

एवढं करूनही फोड आला तर जागा बघा. टाचेला आला असेल तर टाच बुटात वर-खाली होतेय, घोट्यापाशी लेस आवळा. बोटांच्या टोकांना आला तर उतारावर पाय पुढे घसरतोय. लेस आवळाच, पण ट्रेकच्या दोन दिवस आधी नखंही कापा. चुरचुर सुरू झाली की "पुढच्या टप्प्यावर बघू" म्हणू नका. तिथेच थांबून, जागा कोरडी करून मेडिकलमधली चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावा. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका, आणि मधुमेह असेल तर स्वतः सुई लावायच्या भानगडीत न पडता डॉक्टरांना दाखवा.