पुरानंतर किंवा उन्हाळ्यात गावात आरोग्य सर्वे करताय? या चुका टाळा

गोव्यात कुठे पाणी भरलं की ते उतरायच्या आत एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची), नर्सिंगची, कम्युनिटी मेडिसिनची पोरं टॅब घेऊन गावात हजर होतात. येऊ देत, चांगलंच आहे, कोणीतरी मोजायलाच हवं. २३ जुलै २०२१ ला डिचोली-सत्तरीत पाणी शिरलं तेव्हा १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं खुद्द मुख्यमंत्री म्हणाले, त्याआधी २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात काय झालं ते पैंगीणच्या लोकांना अजून तारखेसकट आठवतं. पण असल्या सर्वेंचे भरलेले फॉर्म तपासायला बसलं की एकच गोष्ट परत परत दिसते, ज्यांना खरा फटका बसला तीच माणसं शीटमध्ये नसतात. मुद्दाम कोणी वगळत नाही हो, आपली पद्धतच त्यांना वगळते.

शाळेतल्या कॅम्पात जाऊन "पूरग्रस्त" मोजणे

ही सगळ्यात कॉमन चूक. कॅम्पात माणसं एका जागी मिळतात, चहा मिळतो, दुपारपर्यंत टार्गेट पूर्ण. पण आपल्याकडे कॅम्पात येतं कोण? ज्याचा भाऊ, मावशी, माहेर जवळ आहे तो तिकडे जातो. म्हातारी माणसं घर सोडायला तयार नसतात, माळ्यावर बसून राहतात. आणि मागच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणारे बांधकामावरचे, मार्केटातले कामगार, ते एकतर गावी निघून जातात किंवा दुसऱ्या साइटवर, त्यांना कॅम्पाचा पत्ताच कोणी सांगितलेला नसतो. म्हणजे कॅम्पातला आकडा हा फक्त कॅम्पातला आकडा, तो अख्ख्या गावाचा म्हणून लिहायचा नाही.

मग करायचं काय? जगभर आपत्तीनंतर झटपट सर्वेसाठी ३० क्लस्टर (म्हणजे घरांचे गट, चिठ्ठी टाकल्यासारखे निवडलेले) आणि प्रत्येकात ७ घरं, म्हणजे २१० घरं, हा साचा वापरतात, तो वापरा. फक्त घरांची यादी नीट करा. महाराष्ट्रातून प्रोटोकॉल उचलून आणणारे "आशाताईंना विचारा" असं लिहून आणतात आणि इथे येऊन अडकतात, कारण गोव्यात आशा वर्करच नाहीत. इथे अंगणवाडी सेविका, सब-सेंटरची नर्स, आरोग्य केंद्राचे हेल्थ वर्कर यांना धरायचं. पंचायतीच्या घर नंबरांची यादी घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका, घराला वळसा घालून मागे जा, एका घर नंबरात चार-चार चुली असतात. चूल मोजा, दरवाजा नको.

सकाळी साडेदहाला जाणे

काजूच्या हंगामात सत्तरीत साडेदहाला घरी कोण असतं? म्हातारे आणि कुत्री. बाकी सगळे पहाटेपासून बागायतीत. आणि आपल्याला उष्णतेबद्दल, माकडतापाबद्दल विचारायचंय ते नेमकं त्यांनाच, २०१५ पासून सत्तरीत माकडताप आहे आणि काजू गोळा करायला रानात जाणाऱ्यांनाच गोचिडींचा धोका जास्त. सहानंतर जा, नाहीतर रविवारी. बंद घर मिळालं की शेजारचं घर घेऊन मोकळं व्हायचं ही सवय तर सोडाच, कमीत कमी दोनदा वेगवेगळ्या वेळी परत जायचं, तरी बंदच असेल तर "बंद" म्हणून नोंद ठेवायची. किती घरं बंद मिळाली हासुद्धा डेटाच आहे. आणि बंद वाटणाऱ्या घरात कधीकधी एकटी आजी असते, मुलगा गल्फला नाहीतर बोटीवर. २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरचे लोक गोव्यात ११ टक्क्यांच्या पुढे होते, केरळनंतर आपणच, तेव्हा दार वाजवून दोन मिनिटं थांबा की, म्हाताऱ्या माणसाला उठून यायला वेळ लागतो.

पाणी उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी "ताप नाही" असं लिहिणे

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाणेरड्या पाण्यातून होणारा ताप) अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण एक-दोन आठवडे जातात, कधी महिनाही. डेंगीचं तर आधी साचलेल्या पाण्यात डास तयार व्हायला हवा, मग तो चावणार, मग पुढे ४ ते १० दिवस. म्हणजे तिसऱ्या दिवशी गेलात तर शून्य येणारच, आणि तो शून्य रिपोर्टात गेला की वरचे निवांत. दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त आजची गरज: विहीर क्लोरिनेट झाली का, बीपी-शुगरच्या गोळ्या आहेत का, डायलिसिस कोणाचं चुकलं का. तापाची फेरी तीन-चार आठवड्यांनी.

गोळ्यांचा प्रश्न हलका समजू नका. "काकी, कोण आजारी आहे का घरात?" असं विचारलं की उत्तर "ना गो, सगळे बरे". तेच "काकी, रोजची गोळी कुठे ठेवता, दाखवता?" म्हटलं की ती आत जाऊन प्लास्टिकची पिशवी आणते, पट्ट्या भिजून कागद सुटलेला, आणि मग कळतं की आठवडाभर गोळीच नाही. इन्सुलिनचंही तेच, लाइट गेली की फ्रीज बंद, तौक्ते वादळात मे २०२१ ला किती भागांत लाइट नव्हती आठवा. वस्तू दाखवायला सांगा, अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

तारखा विचारतानाही तेच. "गेल्या ३० दिवसांत" असं म्हटलं तर कोणी मोजत बसत नाही. "सांजांव (जूनमधला सण) झाल्यावर की चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) जवळ?" असं विचारा, लगेच सांगतात.

फक्त बुडालेले मोजणे

आता हे जरा सविस्तर, कारण इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. २०१७ ला पोर्तो रिकोत मारिया वादळ आलं, सरकारी आकडा कितीतरी महिने ६४ मृत्यू. नंतर जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने नेहमीपेक्षा किती जास्त माणसं गेली ते मोजलं तर २,९७५, आणि सरकारने तो आकडा मान्य केला. बाकीचे कुठे गेले होते? लाइट नाही, रस्ता नाही, औषध नाही, त्यात गेले, सर्टिफिकेटवर वादळाचं नाव नाही. आपल्या देशात अहमदाबादला मे २०१० मध्ये असंच मोजून १,३४४ जादा मृत्यू निघाले आणि त्यातूनच २०१३ चा हीट अॅक्शन प्लॅन, म्हणजे उष्णतेच्या दिवसांत कोणी काय करायचं याचा शहराचा आराखडा, आला.

मारियाचाच अजून एक धडा. हार्वर्डच्या टीमने ३,२९९ घरांचा सर्वे करून ४,६४५ हा अंदाज दिला, पण त्याची रेंज, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती, ७९३ ते ८,४९८ होती. पेपरात छापून आला एकच आकडा. घरोघरी सर्वेत मृत्यू थोडेच सापडतात म्हणून रेंज अशी लांबलचक येते, ती लपवू नका, मथळ्यातच टाका.

गोव्यात मृत्यूंचा डेटा घेताना एक खड्डा आहे. मृत्यूची नोंद जिथे मरण येतं तिथे होते, राहत्या गावात नाही. सिरियस पेशंट सगळीकडून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात, बांबोळी तिसवाडीत, म्हणजे तालुकावार नकाशा काढलात तर तिसवाडी लाल आणि सत्तरी हिरवीगार. राहता पत्ता मागा, नाहीतर तो नकाशा काढूच नका. शिवाय आपलं राज्य लहान, एका आठवड्यात चार मृत्यू जास्त दिसले म्हणून उष्माघाताची लाट जाहीर करू नका, मागच्या काही वर्षांचे तेच आठवडे शेजारी ठेवा. आणि मृत्यूदर काढताना भागायचं कशाने? २०११ ची १४.५८ लाख लोकसंख्या घेऊन आजचे दर काढणारे अजून आहेत, त्यात बाहेरून आलेले कामगार कुठे बसतात देव जाणे.

३७ डिग्री गाठले नाहीत म्हणून उष्णता नाही असं समजणे

किनारपट्टीसाठी हवामान खात्याची हीटवेव्हची अट ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार वर. पण ३५ अंशाला ६० टक्के दमटपणा असला तर अंगाला ते ४५ सारखं लागतं. पणजीचं रीडिंग घेऊन पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्याबद्दल काही लिहू नका. तापमान आणि दमटपणा दाखवणारं साधं मीटर मिळतं, ते खोलीत टांगा, रात्रीचंसुद्धा बघा.

बाकीच्या चुका, पटापट

"घरात कोणी अपंग आहे का?" हा प्रश्न बाद, सगळे "ना" म्हणतात. वॉशिंग्टन ग्रुपचे (अपंगत्व मोजायची पद्धत ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्न आहेत, दिसणं, ऐकणं, चालणं, आठवणं, स्वतःचं आवरणं, समजावून सांगणं, किती अडचण येते ते विचारायचं.

पंच बाजूला उभा असताना मुलाखत घेऊ नका, आणि "हे भरपाईसाठी नाही" हे फॉर्म उघडायच्या आधी सांगा, नंतर नव्हे. संमतीपत्र इंग्लिशमध्ये आणि मुलाखत कोंकणीत, असला प्रकार नको. कामगारांच्या खोलीत कन्नड किंवा हिंदी बोलणारा माणूस बरोबर न्या.

नेटवर्कचं रडगाणं नको, कोबोचं (सर्वेचे फॉर्म मोबाइलवर भरायचं) अॅप ऑफलाइन चालतं, फक्त फॉर्म आदल्या दिवशी डाउनलोड करा. जीपीएस झाडाखाली आणि पत्र्याखाली भरकटतो, अंगणात येऊन पॉइंट घ्या.

पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी) लावणार असाल तर नववा प्रश्न आत्महत्येच्या विचाराबद्दल आहे, होकार आला तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा ते ठरलेलं हवं. टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ हा नंबर टीममधल्या प्रत्येकाच्या खिशात असू दे. ते ठरलं नसेल तर पीएचक्यू लावूच नका.

आणि घराघराच्या ठिपक्यांचा नकाशा बाहेर टाकू नका. बारा घरांच्या वाड्यात "५५ वर्षांची विधवा, टीबी" लिहिलं की नाव लिहायची गरजच उरत नाही. वाडे एकत्र करून पंचायतीच्या लेव्हलला दाखवा, आणि रिपोर्टाचं एक पानी मराठी-कोंकणी रूप आधी त्याच आरोग्य केंद्रात द्या, जर्नलला नंतर.