सोशल नेटवर्किंग कंपनी उद्या कुठं वळणार, हे आजच कसं ओळखायचं

जुलै-ऑगस्टात सांगलीत कुणालाही विचारा, सकाळी उठल्या उठल्या पहिलं काय बघता, तर कोयनेतनं किती क्युसेक सोडलंय ते बघतो म्हणतील, मग वारणेचं, आणि मग आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट झालं ते. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शाळेतल्या पोरालापण पाठ असतंय. पाणी दारात आलं का म्हणून कुणी वाट बघत बसत नाही, कारण दारात आल्यावर सामान माडीवर चढवायला वेळच उरत नाही.

ज्या ॲपवर आपलं दुकान, क्लास, बचत गटाचं पेज नाहीतर गावाचा ग्रुप चालतोय, त्या कंपनीकडंपण असंच वरनं बघायला शिकायला पाहिजे. हे मी उगाच सांगत नाही. मी गेली काही वर्षं आत्तीच्या हळद-बेदाण्याच्या धंद्याचं ऑनलाईनचं बघतोय. एका ॲपवर आमचं पेज मस्त चाललं होतं, सकाळी फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत पंचवीस-तीस जण भाव विचारायचे, सगळी पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं. मग हळूहळू विचारणारे कमी झाले, आम्हाला वाटलं फोटो बरे येत नाहीत म्हणून लाईट आणली, मग वाटलं पाकीट जुनाट दिसतंय म्हणून पाकीट बदललं. दिवाळीच्या तोंडावर १२० किलो हळद दळून ठेवली आणि पोस्टीवर दोन दिवसात चौघांनी विचारलं. आत्ती म्हणाली, "हळद तीच, माणसं तीच, मग झालं काय रं?" झालं असं होतं की कोणाला काय दाखवायचं याचा नियमच कंपनीनं बदलला होता आणि ते तिनं काही महिने आधी उघड सांगितलंपण होतं, फक्त मी कधी वाचलं नव्हतं. हळद शेवटी संपली, पण मार्च उजाडला. तेव्हापासनं मी जे करतोय ते सगळं इथं सांगतो.

सगळ्यात आधी कंपनीचा पैसा कुठनं येतो ते बघा. बाकी सगळं ह्याच्यावरनं ठरतंय, त्यामुळं ह्याच्यावर जरा जास्त वेळ घालवला तरी चालेल. शेअर बाजारात असलेली कंपनी दर तीन महिन्यांनी हिशोब जाहीर करते, फुकट असतो, कुणालाही बघता येतो. कंपनीच्या नावापुढं इन्व्हेस्टर रिलेशन्स टाकून सर्च करा, पीडीएफ मिळते. इंग्रजी बघून घाबरू नका, सगळं वाचायचंच नाही, तीन गोष्टी शोधायच्या: कमाई कशातनं किती, वापरणारे कुठल्या भागात किती, आणि एका माणसामागं कमाई किती.

आता मेटाचंच घ्या, म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची कंपनी. २०२३ सालात तिच्या दर १०० रुपये कमाईतले ९७ च्या वर जाहिरातीतनं आलेले आहेत. म्हणजे आपण तिचं गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक जाहिरातवाला, आपण वेळ देतो तो ती विकते. आणि २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका-कॅनडातल्या एका माणसामागं ६८.४४ डॉलर मिळाले, आशिया-पॅसिफिकमध्ये, म्हणजे ज्यात आपण येतो तिथं, ५.५२ डॉलर. हा आकडा मी आत्तीला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "मग ते आपलं ऐकतील कशाला?" एका ओळीत सगळं आलं बघा. ॲपची रचना तिकडच्या गिऱ्हाइकाकडं बघून होते, आपल्याकडं ती बऱ्याचदा नंतर येऊन पोचते, आणि तेवढ्या मधल्या वेळात आपल्याला तयारी करता येते. अजून एक, कंपनी कुठला आकडा द्यायचं बंद करते तेपण टिपून ठेवा. २०२४ पासनं मेटानं हा फेसबुकचा भागवार आकडा देणं थांबवलं आणि सगळ्या ॲपचा मिळून एकच आकडा द्यायला लागली. म्हणजे इथनं पुढं ती एकेक ॲप वेगळं धरून विचार करत नाही असं मी धरतो.

ह्याच हिशोबाचा जो सविस्तर अहवाल असतो त्यात धोक्यांचा (इंग्रजीत रिस्क फॅक्टर्स) एक भाग असतो, त्यात कंपनीला स्वतःला कशाची भीती वाटते ते लिहावं लागतं. माझ्या मते हा सगळ्यात कामाचा भाग आहे आणि लोक नेमका तोच सोडतात. फेसबुक (मेटाचं तेव्हाचं नाव) मे २०१२ मध्ये शेअर बाजारात आलं, त्याआधी फेब्रुवारीत दिलेल्या कागदात त्यांनी सरळ लिहिलं होतं की लोक मोबाईलवर चाललेत आणि मोबाईलवर आमची म्हणावी अशी कमाई नाही. आता एवढं वाचल्यावर पुढचं कळायला ज्योतिषी कशाला लागतोय, त्याच एप्रिलमध्ये त्यांनी १ अब्ज डॉलरला इन्स्टाग्राम घ्यायचं ठरवलं, मोबाईलच्या फीडमध्ये, म्हणजे ॲप उघडल्यावर एकाखाली एक पोस्टी येतात तिथं, जाहिराती घुसवल्या, आणि २०१३ च्या शेवटच्या तिमाहीत जाहिरातीच्या कमाईतला निम्म्याहून जास्त वाटा मोबाईलचा झाला. आपल्याला जे अचानक झालं असं वाटतं ते त्यांच्या कागदात आधी भीती म्हणून येऊन गेलेलं असतं.

मग बघायचं विकत कोण घेतंय, आणि मूळ माणसं कधी बाहेर पडतायत. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सॲपचा १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला. तेव्हा व्हॉट्सॲपवर जाहिरात नव्हती, वर्षाला १ डॉलर फी होती, तीपण जानेवारी २०१६ मध्ये काढून टाकली. आता कोण एवढा पैसा घालून ते फुकट चालवत बसंल? दोन संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले, जॅन कुम यांनी एप्रिल २०१८ मध्ये जातोय म्हणून सांगितलं. मध्ये जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आलं, २०२३ मध्ये चॅनेल आले, आणि जून २०२५ मध्ये स्टेटसच्या पानावर जाहिराती आणतोय असं जाहीर झालं. म्हणजे सौद्यापासनं जाहिरातीपर्यंत अकरा वर्षं. पाणी सावकाश आलं, पण वाट तीच होती. इन्स्टाग्रामचे दोन्ही संस्थापकपण सप्टेंबर २०१८ मध्ये एकदमच गेले. मूळ मालक बाहेर पडला की मी वहीत तारीख लिहितो आणि त्या ॲपवरचं आपलं काय काय आहे ते एकदा मोजून घेतो. ट्विटरला तर एवढापण वेळ मिळाला नाही, ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरला ते इलॉन मस्कच्या हातात गेलं, आठवड्याभरात ब्लू टिकला महिन्याला पैसे लागणार म्हणून बातमी आली आणि जुलै २०२३ मध्ये नावसुद्धा बदललं.

कागद वाचायचा कंटाळा येत असेल तर अजून एक सोपं काम आहे, दर महिन्याच्या एक तारखेला ॲप उघडायचं आणि पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून एका फोल्डरमध्ये टाकायचा. बास. खाली पट्टीत जी चार-पाच बटणं असतात ना ती म्हणजे कंपनीच्या दुकानाचा दर्शनी भाग, तिथं जे ठेवलंय तेच तिला खपवायचंय. नोव्हेंबर २०२० मध्ये इन्स्टाग्रामनं त्या पट्टीत रील्स आणि शॉप ही दोन बटणं बसवली. कितीतरी जणांनी त्या शॉपच्या नादानं कॅटलॉग बनवायला पैसे घातले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शॉपचं बटण पट्टीतनं गेलं, रील्सचं राहिलं. कंपनी एखादी गोष्ट वाजतगाजत आणते म्हणजे ती ठेवणारच असं नाही, म्हणून नवीन बटण आलं की सहा महिने फक्त हात भिजवून बघा, आख्खं दुकान तिथं हलवू नका.

सरकारी निर्णयाचं मात्र आधी काही कळत नाही, ते मान्यच करायला पाहिजे. २९ जून २०२० ला ५९ ॲपवर बंदी आली त्यात टिकटॉक होतं. आपल्याकडची शेतातली, यात्रेतली, तालमीतली किती पोरं त्याच्यावर नावाला आली होती, एका रात्रीत सगळं गेलं. जुलैतच इन्स्टाग्रामनं इथं रील्स सुरू केलं, शेअरचॅटनं मोज आणलं. ज्यांनी आपले व्हिडिओ फोनमध्ये जपून ठेवले होते त्यांनी ते उचलून दुसरीकडं टाकले, ज्यांचं सगळं ॲपमध्येच होतं ते शून्यावर आले.

आपल्या देशातल्या कंपन्या बऱ्याचदा शेअर बाजारात नसतात, त्यांचे तिमाही आकडे मिळत नाहीत, मग तिथं काय करायचं? त्यांच्या नोकरीच्या जाहिराती बघा, मनापासनं सांगतो, ह्याच्यासारखी खबर दुसरीकडं मिळत नाही. जाहिराती विकायला माणसं घेतायत, का पेमेंटचं काम करणारी घेतायत, का मराठी मजकूर तपासायला कुणी घेतायत. शेवटचं दिसत नसेल तर मराठी ग्रुप नीट सांभाळायचा त्यांचा विचार अजून झालेला नाही असं समजा. कू हे ट्विटरसारखं ॲप आपल्या भाषांच्या जोरावर २०२० मध्ये उभं राहिलं, मला फार आवडायचं ते, पण जुलै २०२४ मध्ये बंद करावं लागलं, मोठ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली आणि टेक्नॉलॉजीचा खर्च झेपेना असं संस्थापकांनी सांगितलं. भाषेचं प्रेम खरं होतं पण पैशाचा झरा सापडला नाही. झोहो कंपनीचं अरत्ताई हे व्हॉट्सॲपसारखं ॲप २०२१ मध्ये आलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एकदम सगळ्यांच्या तोंडी झालं, तिथं गोष्ट वेगळी आहे, झोहोचा मूळ धंदा ऑफिसांना सॉफ्टवेअर विकायचा, त्यामुळं ॲपला लगेच कमवून द्यायची घाई नाही. पण तोच प्रश्न विचारत राहायचा, पुढं खर्च कोण देणार.

आता गावाचा, गल्लीचा ग्रुप चालवणाऱ्यांसाठी थोडं, कारण हे मला धंद्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही चार-पाच जण विश्रामबागेत एका दुकानाच्या वरच्या खोलीत बसून होडीसाठीचे निरोप गोळा करत होतो. एका ॲपच्या मोठ्या ग्रुपवर पोस्ट वर आली, होडी पाहिजे, लहान बाळ आहे, खाली शेकड्यानं कमेंट. पोरं दोन तास खटपट करून तिथं पोचली तर घर रिकामं, ती माणसं दीड दिवस आधीच बाहेर काढलेली. पोस्ट जुनी होती, पण कमेंट जास्त म्हणून ॲप ती सारखी वर आणत होतं आणि दहा मिनिटांपूर्वी आलेली खाली कुठंतरी पडून होती. त्या दोन तासात ती होडी दुसरीकडं लागली असती, हे माझ्या अजून डोक्यातनं जात नाही.

म्हणून बघायचं की कंपनी ओळखीच्या माणसांकडं चाललीय का अनोळखी व्हिडिओंकडं. तुमच्या फीडमधल्या पहिल्या वीस गोष्टी मोजा, त्यातल्या ओळखीच्या माणसाच्या किती, आजच्या किती. मी तीन महिन्यातनं एकदा मोजतो. ओळखीच्या पाचाच्या खाली आल्या की तो ग्रुप करमणुकीला ठेवायचा, पुराचा, रक्ताचा, हरवलेल्या माणसाचा निरोप तिथं टाकायचा नाही, तो जिथं वेळेच्या क्रमानं दिसतो तिथंच टाकायचा, आणि पहिल्या शब्दात तारीख आणि वेळ लिहायची. आमच्या ग्रुपला आता हा नियमच आहे, वेळ नसलेला निरोप ॲडमिन काढून टाकतो.

आणि कुणी पोरं स्वतःच असलं ॲप काढायच्या विचारात असतील, तर मायस्पेसचं, म्हणजे फेसबुकच्या आधी गाजलेल्या सोशल साईटचं, उदाहरण ध्यानात ठेवा. २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरला विकलं गेलेलं ते, २००६ मध्ये गुगलशी ९० कोटी डॉलरचा जाहिरातीचा करार झाला, त्यात ठरलेली गर्दी आणून दाखवायची अट होती, मग पानं वाढव, जाहिराती वाढव असं होत होत लोक कंटाळले आणि २०११ मध्ये साडेतीन कोटी डॉलरला विकायला लागलं. पैसा कुणाकडनं घ्यायचा हे पहिल्या हजार लोकांच्या आधी ठरवा, नंतर ते तुमच्या हातात राहत नाही.

राहिलं आपल्या बाजूचं काम. हरिपूरची पेवं सगळ्यांना माहितीयत, जमिनीतली ती खोल कोठारं, वर्षानुवर्षं हळद तिथं टिकायची, आणि २००५ च्या महापुरात पाणी शिरून कित्येक निकामी झाली. एका पेवात सगळी हळद ठेवायची नाही, हे आत्तीला माझ्या आधी कळत होतं. तिनं काय केलं, ऑनलाईन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या पार्सलबरोबर एक चिठ्ठी टाकायला लागली, "ताई/भाऊ, नवीन हळद आली की कळवू का? नंबर लिहून ठेवू का?" हो म्हणालेल्यांचे नंबर तिच्या लांबट वहीत, गावाप्रमाणं पानं पाडलेली, पुढं किती किलो घेतलं आणि बेदाणा हिरवा लागतो का पिवळा हेसुद्धा. आज त्या वहीत चारशेच्या वर नावं आहेत आणि दिवाळीची निम्मी हळद फोनवरच जाते. विचारूनच नंबर ठेवायचा, हे मात्र पाळा, न विचारता ग्रुपात घातलं की माणूस कायमचा जातो.

वहीबरोबर वर्षातनं दोनदा ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आपली माहिती डाउनलोड करायची, फोटो, मेसेज, सगळं. हे बटण बहुतेक मोठ्या ॲपला असतं, जरा आत लपलेलं असतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा गुगलनं फोटो काढून घ्यायला २०१६ पर्यंत मुदत दिली होती, तरी माझ्या ओळखीत किती जणांचे कॉलेजचे फोटो गेले, कारण उद्या बघू म्हणत राहिले.

आज लगेच करायचं असेल तर मोबाईलमध्ये चार रिमाइंडर लावा, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याचे, मेटाचे आकडे साधारण त्याच सुमाराला येतात. जुलैचं तर विसरायची भीतीच नाही, त्या आठवड्यात कोयनेचा विसर्ग बघायला फोन हातात असतोच, पाण्याचे आकडे बघून झाले की तेवढी पीडीएफपण उघडा आणि आधी धोक्यांचा भाग वाचा.