दोन जॉन नेव्हिल आणि माझे वाया गेलेले चार महिने

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी पंधराव्या शतकातली इंग्लंडमधली उमराव घराणी घेतली, तेव्हा लँकेस्टर विरुद्ध यॉर्क हा, राजघराण्याच्या दोन शाखांचा गादीसाठीचा झगडा मला पाठ होता. तुम्हालाही असेल, म्हणून त्यात शिरत नाही. मला जिथे ठेच लागली, तेवढंच सांगतो. ती अजून दुखते.

मी आडनावावरून पक्ष ठरवला. नेव्हिल आणि पर्सी ही दोन बडी उमराव घराणी: नेव्हिल म्हणजे यॉर्ककडचे, पर्सी म्हणजे लँकेस्टरकडचे. वहीत दोन रकाने आखले आणि सापडेल त्या माणसाला त्यात बसवत गेलो. मग एका रात्री नोंदी जुळवताना दिसलं, की माझा जॉन नेव्हिल 1461 च्या मार्चमध्ये टाउटनच्या लढाईच्या वेळी लँकेस्टरकडून लढताना मारला जातो, आणि 1464 मध्ये यॉर्कचा राजा चौथा एडवर्ड त्यालाच नॉर्थम्बरलंडचा अर्ल (बड्या उमरावाची पदवी) करतो. दोन्ही नोंदी एकाच कार्डावर, माझ्याच अक्षरात. दोन प्रकरणं त्या कार्डावर उभी होती.

जॉन नेव्हिल दोन होते. दोघे एकाच आजोबांचे नातू, पण आज्या वेगळ्या. वेस्टमोरलंडचा पहिला अर्ल राल्फ नेव्हिल याची दोन लग्नं झाली. दुसरी बायको जोन बोफोर्ट, राजा चौथ्या हेन्रीची सावत्र बहीण. 1425 मध्ये राल्फ वारला. अर्लकी पहिल्या बायकोच्या वंशात गेली; मिडलहॅम, शेरिफ हटन असली भरभक्कम ठाणी मात्र जोनच्या मुलाकडे. पदवी थोरल्या पातीला, जमीन धाकट्या पातीला! पुढे काय झालं असेल हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. धाकटी पाती, म्हणजे जोनचा हाच मुलगा, सॉल्सबरीचा अर्ल, आणि त्याचा मुलगा वॉरिक, यॉर्कच्या बाजूला गेली. थोरल्या पातीतला जॉन समोरच्या फौजेत होता. राजा कोण, यापेक्षा वाटणीचं दुखणं जुनं होतं.

म्हणून कार्डावर नुसतं नाव कधीच लिहू नका. आई कोण, बायको कुणाची मुलगी, त्या साली पदवी कोणती आणि जमीन कुठे, हे चारही लिहा. पदवीसमोर साल नसेल तर ती नोंद फेकून द्या. हे मी अगदी कठोरपणे सांगतोय.

दुसऱ्या जॉनचंच बघा. हा वॉरिकचा भाऊ. 1464 मध्ये त्याने हेक्सहॅमची लढाई जिंकली आणि पर्सींची नॉर्थम्बरलंडची अर्लकी त्याला मिळाली. 1470 च्या मार्चमध्ये एडवर्डने ती काढून पुन्हा पर्सीला दिली. याला मिळाला मार्क्वेस ऑफ मॉन्टेग्यू हा मोठा किताब, पण त्याला साजेशी जमीन नाही. त्याच शरद ऋतूत तो एडवर्डवर उलटलेल्या भावाला जाऊन मिळाला आणि 14 एप्रिल 1471 ला बार्नेटच्या लढाईत दोघेही पडले. मी आधी त्याच्यापुढे 'फितूर' असं लिहिलं होतं. ते खोडलं, आणि तिथे काय गेलं, कधी गेलं ते लिहिलं. प्रकरण तिथून सुटलं.

इंटरनेटवरच्या लाल-पांढऱ्या गुलाबांच्या (लाल म्हणजे लँकेस्टर, पांढरा म्हणजे यॉर्क) वंशावळी वापरू नका. माणसाला एकदा रंग दिला की तो बाजू बदलताना दिसतच नाही. पेटंट रोल्सचे, म्हणजे राजाने दिलेल्या पदव्या-जमिनींच्या सरकारी नोंदींचे, छापील सारांश इंग्रजीत आहेत, रुक्ष आहेत, पण कुणाला काय कधी दिलं ते तिथे तारखेसकट मिळतं. मार्गदर्शकही असा शोधा जो प्रत्येक वाक्यावर "कुठल्या साली?" विचारतो. माझ्या पहिल्या मार्गदर्शकांनी मला तयार तक्ता दिला होता. प्रेमानेच दिला, पण माझे दोन रकाने तिथूनच आले.

घाबरू नका मात्र. पहिले दोन महिने सगळे हेन्री पर्सी सारखेच वाटतात, सगळ्यांनाच वाटतात. चाळीसेक कार्डं नीट झाली की नावं आपोआप वेगळी होऊ लागतात.

स्टॅनले घराणं घेणार असाल तर थेट 1485 च्या बॉसवर्थच्या लढाईवर उडी मारू नका. 1459 च्या ब्लोर हीथच्या लढाईपासून सुरुवात करा: विल्यम स्टॅनले सॉल्सबरीच्या बाजूने लढतो आणि त्याचा थोरला भाऊ थॉमस, सॉल्सबरीचाच जावई, काही मैलांवर फौज घेऊन थांबून राहतो. पहिलं कार्ड थॉमसच्या बायकोचं करा.