ताजी तारली कशी ओळखावी, साफ करावी आणि शिजवावी

तारली या तेलकट लहान माशाला वास येतो म्हणून ती घरात नको, असं म्हणणाऱ्यांच्या ताटात बहुतेक वेळा शिळी तारली आलेली असते. ताज्या तारलीला समुद्राचा वास येतो, बाकी कसलाही नाही. स्वस्त म्हणून तिला पापलेटाच्या खालच्या पंगतीला बसवणंही मला पटत नाही. ओमेगा-३ मेदाम्लांचा हिशेब मांडला तर पापलेट तिच्या जवळपासही येत नाही.

कधी घ्यावी

तारली साधारण जून ते सप्टेंबर या काळात अंडी घालते आणि त्यानंतर काही दिवस रोड असते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पश्चिम किनाऱ्याजवळ खोलातलं पोषक पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पती) फुलतं आणि तारली कल्ल्यांच्या बारीक चाळणीतून पाणी गाळून ते खाते. हे खाऊनच तिच्या अंगात तेल भरतं. म्हणून ऑक्टोबरपासून पुढचे तीन-चार महिने तिचे. एरवीची तारली वाईट नसते, पण चवीला कोरडी लागते.

वाट्यातून (विकायला मांडलेल्या माशांच्या ढिगातून) ताजी तारली ओळखणं

मला सगळ्यात जास्त वेळ हेच शिकायला लागला, आणि सगळ्यात चुकीचे सल्लेही याच बाबतीत मिळतात.

पहिला सल्ला: "डोळे लाल असतील तर घेऊ नका." तारलीच्या बाबतीत यावर विसंबू नका. जाळ्यात हजारो मासे एकमेकांवर दाबले जातात, तेव्हा ताज्या तारलीच्याही डोळ्यांत रक्त उतरतं. डोळा लाल आहे की नाही यापेक्षा तो फुगीर आहे की खोल गेलाय, पारदर्शक आहे की दुधाळ झालाय, ते पाहा. दुसरा सल्ला: "खवले गळलेले असतील तर मासा जुना." हाही चुकीचा. तारलीचे खवले मुळातच सैल असतात, ओढाताणीत सहज निघतात.

खरं सांगतं ते पोट. प्लवक खाऊन भरलेल्या माशाच्या आतड्यातले पाचकरस तो मेल्यावरही काम करत राहतात आणि पोटाची पातळ भिंत आतून पचवू लागतात. बर्फ वेळेवर मिळाला नाही तर काही तासांतच पोट मऊ पडतं आणि मग फुटतं. म्हणून तारली हातात घेऊन पोटावर बोट दाबा. टणक लागलं पाहिजे, खड्डा भरून आला पाहिजे. फुटलेल्या पोटाची एखादी तारली वाट्यात असेल तर चालेल, चार-पाच असतील तर तो वाटा सोडा. वाट्यात वरचे मासे नेहमी देखणे असतात, तेव्हा तळातला एक उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मासे विकणाऱ्या मावशी रागावतील, रागावू द्या. माल ताजा असेल तर त्या स्वतःच कल्ला उघडून दाखवतात. कल्ला लालभडक आणि ओलसर हवा. तपकिरी, चिकट कल्ला दिसला की पुढे चला.

मी इतका आग्रह धरतो तो केवळ चवीसाठी नाही. तारली, बांगडा, कुपा (ट्यूना) या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उन्हात किंवा गरम पिशवीत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, तळून जात नाही, कोकम-लिंबू लावूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते. पुष्कळ जण याला माशाची अ‍ॅलर्जी समजतात आणि जन्मभर मासे सोडतात. असं झालं तर डॉक्टरांकडे जा आणि मासा कोणता खाल्ला ते सांगा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर क्षणभरही थांबू नका. पहिल्याच घासाला जिभेला मिरपुडीसारखं चुरचुरलं तर घास थुंका आणि उरलेलं टाकून द्या. मात्र अशी खूण प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही, आणि हिस्टामिनला वासही नसतो. म्हणून सगळा भर आधीपासूनच्या थंडाव्यावर हवा.

बाजारात जाताना डब्यात बर्फ घेऊन जा. मासे घेतल्यावर भाजी, किराणा, गप्पा काही नाही, थेट घरी. लगेच साफ करायचे नसतील तर फ्रीजच्या सगळ्यात थंड भागात, बर्फावर, ४ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा. ओट्यावर ठेवून "जरा वेळाने करते" असं म्हणू नका.

तारली की पेडवे?

तारली लांबट आणि अंगाने गोलसर असते, कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला काळा ठिपका असतो. पेडवे चपटे, पोटाची कड हाताला धारदार लागते. पेडवे जातीनेच लहान, त्यामुळे ते लहान घ्यायला हरकत नाही. बोटाएवढी तारली मात्र घेऊ नका. ती साधारण १५ सेंटीमीटरची झाल्यावर अंडी घालण्याजोगी होते, आणि तिचं आयुष्यच जेमतेम अडीच-तीन वर्षांचं. केरळात १० सेंटीमीटरपेक्षा लहान तारली पकडायला कायद्यानेच मनाई आहे. तिथे २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही नाही. समुद्राचं बदलतं तापमान आपल्या हातात नाही, पिल्लांचा वाटा न घेणं आहे.

साफ करणं

खवले बोटांनी काढा, डोकं मोडून खाली ओढा, आतडी सोबत येतात. पोटातला काळसर पापुद्रा अंगठ्याने घासून काढा, कडवटपणा जातो. धुऊन लगेच निथळा, पाण्यात बुडवून ठेवू नका.

शिजवणं

तिखलं, म्हणजे मिरची-कोकमाचं झणझणीत कालवण करा. ओलं खोबरं नको, तारलीला स्वतःचं तेल पुरतं. लाल मिरची, हळद, कोकमाचं आगळ (रस) किंवा सोलं (सुकवलेली सालं), ठेचलेली तिरफळं, मीठ आणि बेताचं पाणी. उकळी आली की मासे सोडा, डाव घालू नका, टोप धरून हलवा. सात-आठ मिनिटांत होतं. भरपूर तेलात तळलेली तारली चविष्ट लागते हे मान्य, पण तळताना माशाचं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं माशात शिरतं. ज्यासाठी तारली खायची तेच कमी होतं.

मुलं काट्यांना भीत असतील तर सोलं घालून प्रेशर कुकरमध्ये मंद आंचेवर अर्धा तास ठेवा. बारीक काटे चावून खाण्याइतके मऊ होतात आणि त्यांतलं कॅल्शियमही पोटात जातं. मांसातून प्रथिनं, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ मिळतंच. प्लवक खाणारा, थोडकं जगणारा मासा असल्यामुळे मोठ्या शिकारी माशांसारखा पारा त्याच्या अंगात साठत नाही. फक्त युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल किंवा गाऊट असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी, तारलीत प्युरिन जास्त असतं.

उरलेली तारली फ्रीजरमध्ये टाकायची असेल तर साफ करूनच टाका आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवा. तिचं तेल गोठलेल्या अवस्थेतही हळूहळू खवट होतं, आणि तो खवटपणा कितीही मसाला घातला तरी झाकत नाही.