वर्गणीची यादी वाढली तरी बेरीज चुकू नये म्हणून

मंडळाच्या वर्गणीची यादी रोज वाढते, पण बेरजेचं सूत्र =सम(डी२:डी१५०) असंच राहतं. मधे ओळ घातली तर एक्सेल ते वाढवतं. १५१व्या ओळीत नवी पावती चढवली तर ती बेरजेत येईलच याची खात्री नाही, आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. (सूत्रं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप इंग्रजीतच करायची.)

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे टेबल. यादीतल्या कुठल्याही सेलवर उभे राहा, कंट्रोल+टी दाबा, ‘माय टेबल हॅज हेडर्स’वर खूण ठेवा. मग ‘टेबल डिझाइन’मध्ये नाव द्या, समजा ‘वर्गणी’. नावात मोकळी जागा चालत नाही. आता =सम(वर्गणी[रक्कम]) लिहा; कंसातलं ‘रक्कम’ म्हणजे कॉलमचं शीर्षक. शेवटच्या ओळीला लागूनच खाली लिहिलं की टेबल वाढतं. एक ओळ सोडून लिहिलं, तर नाही. टोटल रो (टेबलाखालची बेरजेची ओळ) चालू असेल तर शेवटच्या नोंदीच्या उजवीकडच्या टोकाच्या सेलमध्ये टॅब दाबा. शीट प्रोटेक्ट केलेलं असेल तर टेबल वाढतच नाही. आधी प्रोटेक्शन काढा.

गल्ल्यांची यादीही ‘गल्ल्या’ नावाच्या टेबलात असेल आणि सेलमध्ये तिचा ड्रॉपडाउन हवा असेल, तर ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये गल्ल्या[गल्ली] थेट लिहिलं की एक्सेल नाकारतं. ‘नेम मॅनेजर’मध्ये त्याला वेगळं नाव द्या आणि ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये तेच नाव वापरा. पिव्होट टेबलाला (यादीचा गोषवारा काढणाऱ्या तक्त्याला) सोर्स म्हणून टेबलचं नाव द्या; यादी बदलल्यावर रिफ्रेश मात्र करून घ्या.

टेबल नको असेल, तर:

=सम(डी२:इंडेक्स(डी:डी,काउंटए(सी:सी)))

सी म्हणजे पावती क्रमांकाचा कॉलम, पहिल्या ओळीत शीर्षक. काउंटए त्यातले भरलेले सेल मोजतं आणि त्यावरून शेवटची ओळ कळते. मोजणी मुद्दाम रकमेवर ठेवलेली नाही: रद्द पावतीची रक्कम रिकामी असते, मग मोजणी एकने कमी भरते आणि शेवटची पावती गळते. पावती क्रमांक सलग असतो. ऑफसेट या फंक्शननेही हे जमतं, पण शीटमध्ये काहीही बदललं की ते पुन्हा मोजत बसतं. मोठी फाइल जड होते. गूगल शीट्समध्ये नुसतं डी२:डी लिहिलं तरी चालतं, फक्त बेरीज दुसऱ्या कॉलममध्ये ठेवा.

रेंज बरोबर असूनही बेरीज कमी आली, तर रकमेचा कॉलम तपासा. ‘५०१/-’ असं लिहिलेली रक्कम एक्सेलच्या लेखी मजकूर असते; सम ती गुपचूप वगळतं. =काउंटए(वर्गणी[रक्कम])-काउंट(वर्गणी[रक्कम]) याचं उत्तर शून्य यायला हवं, कारण काउंट फक्त आकडे मोजतं. जेवढं येईल, तेवढ्या रकमा नुसत्या आकड्यात पुन्हा भरा.