मानवी सुरक्षा की मानवी हक्क? उत्तर लिहिताना या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राज्यशास्त्राची तयारी करा, नाहीतर विद्यापीठात संरक्षणशास्त्राची; या घटकात गुण जातात ते बहुतेक एकाच जागी. मानवी सुरक्षा आणि मानवी हक्क हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी लिहिले जातात.

सुरक्षेचा प्रश्न असा: धोका कशाचा आणि कोणाला? हक्काचा प्रश्न असा: हक्क कोणाचा, बंधन कोणावर आणि ते कुठे लिहिले आहे? जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले, संशय दूषित पाण्यावर होता. उदाहरण चांगले आहे. पण ‘हक्कांचे उल्लंघन’ एवढेच लिहून थांबलात तर उत्तर अर्धेच राहते. आधी आरोग्य सुरक्षा म्हणून धोका, वस्ती आणि पाण्याचा स्रोत मांडा. मग हक्काकडे वळा: संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात न्यायालयांनी शुद्ध पाणी धरले आहे आणि पाणीपुरवठा हे महापालिकेचे कर्तव्य आहे. पाणी पिऊन आजारी पडलेल्याने दाद कोणाकडे मागायची हे या फरकावरच ठरते, म्हणून तो नीट समजून घ्या.

मानवी सुरक्षेचे सात प्रकार यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम) 1994 च्या मानव विकास अहवालातले. त्यामागे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते. 1990 हे पहिल्या अहवालाचे वर्ष, ते इथे लिहू नका. आर्थिक, अन्न, आरोग्य, पर्यावरणीय, व्यक्तिगत, समुदाय, राजकीय. यात ‘लष्करी’ नाही. सवयीने तेच घुसते.

दुसरी मोठी चूक म्हणजे लिबियातली लष्करी कारवाई मानवी सुरक्षेचे उदाहरण म्हणून लिहिणे. 2011 ची ती कारवाई ‘संरक्षणाच्या जबाबदारी’खाली (आर-टू-पी) येते. 2005 च्या संयुक्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेने ही जबाबदारी वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक उच्चाटन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या चारांपुरतीच ठेवली. मानवी सुरक्षेत बळाचा वापर येत नाही, ती या जबाबदारीहून वेगळी आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या 2012 च्या ठराव 66/290 मध्ये स्पष्ट आहे. हा क्रमांक पाठच करा.

करारांबाबत स्वाक्षरी म्हणजेच अनुसमर्थन (करार बंधनकारक म्हणून औपचारिकपणे स्वीकारणे) समजले जाते. छळविरोधी करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, अनुसमर्थन अजून नाही. 1951 च्या निर्वासित करारात तर भारत नाहीच. 1948 चा मानवी हक्कांचा जाहीरनामा हा आमसभेचा ठराव, करार नव्हे. बंधनकारक आहेत ते 1966 चे दोन करार: एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. ते 1976 मध्ये अमलात आले आणि भारत 1979 मध्ये सामील झाला. वहीत प्रत्येक करारापुढे चार रकाने आखा: स्वीकार, अंमल, भारताची सही, अनुसमर्थन किंवा प्रवेश (आधी सही न करता थेट सामील होणे). चौथा रकाना रिकामा असेल तर ‘भारतावर बंधनकारक’ असे लिहू नका.

नावांचे घोळ थोडक्यात. मानवी हक्क परिषदेत 47 देश, नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीत 18 तज्ज्ञ. हेगमधली ही दोन न्यायालये वेगळी ओळखा: आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशांचे वाद चालतात, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात व्यक्तींवर खटले. फौजदारी न्यायालयाचा भारत सदस्य नाही.